हिवाळ्यातली खोलीशेती: दिव्यांचा टायमर निवडताना आणि जोडताना

इंदूरच्या जुनी इंदूर भागातल्या घरांची ठेवण बहुतेकांना ठाऊक आहे. रस्त्याकडे तोंड अरुंद, आत घर लांबच लांब आणि मधल्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. शनी मंदिराच्या आसपास किंवा रावजी बाजाराच्या बाजूला अशी घरं अजून आहेत. या मधल्या खोलीत मांडणी उभी करून मायक्रोग्रीन्स, पुदिना, कोथिंबीर किंवा उन्हाळी मिरची-टोमॅटोची रोपं घेता येतील का, अशी विचारणा दिवाळी सरली की सुरू होते. जरूर घेता येतील. काही वर्षांपूर्वी इंदुरातल्याच एका शेतकऱ्याने घरातल्या खोलीत केशराची फुलं घेतली, तेव्हापासून या विषयाकडे पाहण्याची लोकांची नजर बदलली आहे. पण दिवे कोणते घ्यावेत यावर लोक जितका खल करतात, त्याच्या पाव हिश्शानेही ते दिवे चालू-बंद कोण करणार याचा विचार करत नाहीत. खोलीतल्या पिकाला सूर्य दिसत नाही. त्याचा दिवस म्हणजे टायमर सांगेल तो.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इंदूरचा दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा असतो. खोलीत तो हवा तेवढा वाढवता येतो, म्हणून हौशी माणूस चोवीस तास दिवे ठेवून मोकळा होतो. तसं करू नका. टोमॅटोच्या रोपाला सलग उजेड मिळाला तर पानं पिवळी पडतात, डागाळतात. त्याला रात्री सहा-आठ तासांचा काळोख लागतोच. मिरची-टोमॅटोच्या रोपांना चौदा ते सोळा तास उजेड पुरे. मायक्रोग्रीन्सच्या ट्रे पहिले दोन-तीन दिवस झाकून ठेवा, मग बारा ते चौदा तास द्या. पालक आणि कोथिंबीर यांना मोठा दिवस मिळाला की पानांऐवजी दांडा वर काढायची घाई होते, म्हणून त्यांना बारा तासांच्या वर नेऊ नये. केशराचा प्रकार निराळा: कंदातून फूल अंधाऱ्या खोलीतही येतं, उजेडाची खरी गरज फुलं काढून झाल्यावर पानं वाढताना पडते. कुंडीतल्या शेवंतीला कळी धरायच्या दिवसांत मोठी, अखंड काळोखी रात्र हवी. त्या रात्रीत दिवा मध्येच तास-दोन तास लागला तरी कळी धरणं लांबतं. फुलशेती करणारे शेतकरी हाच गुण उलटा वापरतात आणि मध्यरात्री दिवे लावून फुलं हव्या त्या तारखेपर्यंत रोखतात.

झाडं दिवस-रात्रीची लांबी ओळखतात, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलार्ड यांनी 1920 साली प्रसिद्ध केलं. त्यांनी तंबाखू आणि सोयाबीनची झाडं दुपारी अंधाऱ्या खोपट्यात नेऊन ठेवली आणि सकाळी परत बाहेर काढली. माळव्यातल्या सोयाबीनवाल्याला यात नवल वाटणार नाही. उशिरा पेरलेलं सोयाबीन बुटकं असतानाच फुलावर येतं, हे तो दर हंगामात पाहतो. त्या दोघांनी हमाली करून जे साधलं, ते आज भिंतीवरची डबी करते. मात्र ती रोज, न चुकता करते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

महाराणी रोडवरच्या विजेच्या दुकानांत टायमर मागितला की साधारण चार गोष्टी पुढे येतात. पहिली म्हणजे भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा चकतीचा टायमर. चकतीच्या कडेला बारीक दात असतात. पंधरा मिनिटांचा एक दात असेल तर चोवीस तासांचे शहाण्णव. काहींत दात खाली दाबला की दिवा चालू, काहींत बरोबर उलटं, त्यामुळे पाकिटावरचं चित्र पाहिल्याशिवाय दाबू नका. बाजूला एक छोटा खटका असतो. त्यावर एकीकडे घड्याळाची खूण आणि दुसरीकडे कायम चालूची. पुसताना तो खटका नकळत सरकतो आणि आठवडाभर दिवे विझतच नाहीत. तरीही हा टायमर वाईट नाही. त्याची खोट दुसरीकडे आहे: चकती विजेवर फिरते, वीज गेली की तीही थांबते. देखभालीसाठी दोन तास पुरवठा बंद राहिला तर पिकाचा दिवस दोन तास पुढे सरकला. महिनाभरात असं तीन-चारदा झालं की सकाळी सहाला लागणारा दिवा दुपारी लागू लागतो. दोन ट्रे असतील, घरात माणूस असेल, तर वीज आल्यावर चकती फिरवून घड्याळाशी जुळवली की झालं. पेठेतलं दुकान बंद करून रात्री घरी येणाऱ्याने या टायमरच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा डिजिटल टायमर, विजेच्या पेटीतल्या पट्टीवर एमसीबीच्या (आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) शेजारी बसणारा. आत बॅटरी असल्याने वीज गेली तरी घड्याळ चालत राहतं. माझ्या मते मांडणी दोन कप्प्यांच्या पुढे गेली की हाच घ्यावा. घेताना राखीव बॅटरी किती तास टिकते आणि ती बदलता येते का, हे दोन प्रश्न विचारा. तिसरा, रस्त्यावरच्या दिव्यांसाठीचा, सूर्योदय-सूर्यास्त स्वतः मोजणारा. तो महाग असतो आणि दुकानदार कौतुकाने दाखवतो. आपल्या कामाचा नाही, कारण तो सूर्याच्या मागे धावतो आणि आपल्याला सूर्य विसरायचा आहे. चौथा मोबाइलवर चालणारा वायफायचा प्लग. दुकानातच राउटर बंद करून आणि वीज तोडून पाहा. ठरवलेल्या वेळा त्याच्या पोटात टिकत असतील तरच घ्या.

आता आकड्यांचं. वीस वॅटच्या आठ एलईडी ट्यूब म्हणजे 160 वॅट. चौदा तास चालल्या तर रोज सव्वादोन युनिट, महिन्याला साधारण 67. करंट काढायला 160 ला 230 ने भागा, पाऊण अँपिअरही येत नाही. मग सोळा अँपिअर लिहिलेला टायमर म्हणजे चैनच, असं वाटतं आणि तिथेच गफलत होते. तो सोळाचा आकडा हीटर-गीझरसारख्या साध्या भारासाठी असतो. एलईडीच्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये (दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागात) एक कपॅसिटर असतो आणि दिवा लागण्याच्या क्षणी तो रिकामा असल्याने करंट ओढून घेतो. क्षणाच्या बारीकशा अंशापुरताच, पण नेहमीच्या कितीतरी पट. रोज हा दणका बसून टायमरमधल्या रिलेचे संपर्क हळूहळू झिजतात आणि एक दिवस एकमेकांना चिकटून बसतात. पडद्यावर ‘बंद’ लिहिलेलं दिसतं, आत खोली मात्र लख्ख. शेवंतीवाल्याचा हंगाम यात जातो. म्हणून टायमरच्या अंगावर एलईडी भाराचा वेगळा आकडा छापलेला आहे का ते पाहा. नसेल तर सहा-आठ ट्यूबच्या पुढे टायमरवर दिव्यांचा भार टाकूच नका, मध्ये कॉन्टॅक्टर घाला. टायमर फक्त कॉन्टॅक्टरच्या गुंडाळीला वीज देईल आणि दिव्यांचा भार कॉन्टॅक्टर पेलेल. तो ओढला जाताना खट्ट आवाज करतो आणि कधीकधी गुणगुणतो. पलीकडे आजी-आजोबा झोपत असतील तर आवाज न करणारा मागून घ्या, थोडे पैसे जास्त लागतात. मांडण्या दोन असतील तर दुसरीची वेळ एक मिनिट मागे ठेवा, म्हणजे दणका एकदम बसत नाही.

जोडणीकडे येण्याआधी भिंत पाहा. जुनी इंदूरच्या बऱ्याच घरांत लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग अजून आहे. इन्सुलेशनचा हात लावताच भुगा होतो. सॉकेटला तिसरं छिद्र असतं, त्याच्या मागे अर्थिंगची वायर नसते. काही ठिकाणी ते छिद्र न्यूट्रललाच जोडून ठेवलेलं असतं, ते तर त्याहून वाईट. अशा सॉकेटवर पाण्याच्या ट्रेशेजारची लोखंडी मांडणी उभी करणं म्हणजे जिवाशी खेळ. या कामासाठी मुख्य बोर्डापासून नवी लाइन ओढून घ्या, तीही परवाना असलेल्या वायरमनकडून. दिव्यांसाठी दीड एमएमची तांब्याची वायर, सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीच एमएमची. सुरुवातीला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळणारी वीज ओळखून पडणारा स्विच), त्यापुढे सहा अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी. बी प्रकारचा त्या पहिल्या दणक्यानेच कधीकधी विनाकारण पडतो. मांडणीचा लोखंडी सांगाडाही अर्थिंगला जोडून घ्या. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. पैसे कमी पडले तर एक कप्पा कमी करा, आरसीसीबी नको.

वायरमनभाऊ काम करत असताना तीन गोष्टींकडे स्वतः लक्ष द्या. टायमरच्या खालच्या बाजूला फेज आणि न्यूट्रलचे दोन स्क्रू असतात, ते फक्त त्याच्या घड्याळाला वीज देतात. शेजारी तीन वेगळे स्क्रू: कॉमन, एनओ (एरवी उघडा) आणि एनसी (एरवी जोडलेला). बऱ्याच टायमरमध्ये या तिघांत आपोआप वीज येत नाही. फेजची एक छोटी वायर कॉमनमध्ये वळवून द्यावी लागते आणि एनओमधून ती दिव्याकडे किंवा कॉन्टॅक्टरकडे जाते. ही वळवायची राहिली की पडद्यावर ‘चालू’ दिसतं, दिवे लागत नाहीत, आणि नवा टायमर खराब निघाला म्हणून माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. एनसीमध्ये जोडली तर सगळं उलटं, रात्री उजेड आणि दिवसा काळोख. दुसरी गोष्ट, तोडायचा तो फेज. न्यूट्रल तोडला तर दिवा विझलेला दिसतो पण ट्यूबच्या टोकाशी वीज उभी असते आणि ट्रे पुसणारीचा ओला हात तिथेच जातो. शिवाय अशा जोडणीत ट्यूब रात्रभर मंद मिणमिणत राहू शकते. बारीक लाल दिवा असलेल्या बटणानेही असं होतं, ते या लाइनवर लावू नका. तिसरी, स्क्रूखाली एकच वायर, तीही लग लावून घट्ट. सैल स्क्रू तापतो आणि जळका वास येईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

पेटी झाकणाला रबर असलेली, पाण्याचे शिंतोडे सोसणारी घ्या आणि मांडणीच्या वर नव्हे, शेजारच्या भिंतीवर छातीच्या उंचीला बसवा. वायर पेटीत खालून ग्लँडमधून शिरू द्या. शिरण्याआधी तिला थोडा झोल ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशीच गळून जातं. पाण्याचा पंप याच टायमरवर जोडायचा मोह होईल. पंपाला वेगळा टायमर, वेगळा एमसीबी.

वेळा ठरवताना थंडी आणि बिल यांची ओढाताण होते. माळव्यातल्या पौषातल्या रात्री गारठ्याच्या असतात, दिव्यांची ऊब रात्री मिळाली तर रोपांना बरं. उलट स्मार्ट मीटर असेल तर दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग, अशी विभागणी लागू असू शकते; आपल्या बिलाला ती लागते का, हे वीज कंपनीच्या झोन कार्यालयात विचारा. विक्रीसाठी पीक घेत असाल तर घरगुती जोडणी चालते का तेही त्याच खेपेत विचारून घ्या. मला स्वतःला पहाटे चार ते संध्याकाळी सहा ही वेळ पटते. पहाटेचा कडाका दिव्यांच्या उबेत निघतो, संध्याकाळचा महाग काळ टळतो आणि रात्री खोली काळोखी राहते. पिकाबद्दल शंका असेल तर कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

सगळं जोडून झालं की ट्रे मांडण्याआधी दोन दिवस नुसते दिवे चालवा. तासाभराने पेटीच्या झाकणावर हाताची पालथी बाजू ठेवून पाहा. कोमट चालेल, चटका नको. मध्ये एकदा मुख्य स्विच अर्धा तास बंद करून चालू करा आणि टायमरचं घड्याळ बरोबर आहे का ते तपासा. आरसीसीबीवर एक छोटं तपासणीचं बटण असतं, ते महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबायचं. दाबल्यावर तो पडला नाही, तर त्याच दिवशी बदलून घ्या आणि तोवर मांडणीची वीज बंद ठेवा.