पाटोदा तालुक्यांतील नद्या व त्यांचे पाणलोट

नदी म्हणजे गांवाजवळून वाहणारें पाणी, एवढीच पुष्कळांची समजूत असते. परंतु शेतकऱ्यानें तिचा उगम व पाणलोट ओळखला पाहिजे. कारण बांध फोडून गेलेलें पाणी मातीही बरोबर नेतें.

पाटोदा हा बालाघाटावरील तालुका. येथें गवळवाडीनजीक मांजरा उगम पावते. ती लातूर, बीदर या मुलखांतून तेलंगणांत जाऊन उत्तरेस वळते व कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. लांबी सुमारें ७२४ किलोमीटर. सिंदफणेचा उगमही याच डोंगरांतला. बीडची बिंदुसरा पोटांत घेऊन तीही मंजरथजवळ गोदावरींतच जाते.

विंचरणेची वाट मात्र निराळी. सौताड्यास ती कड्यावरून खोल दरींत, रामेश्वराच्या देवळाजवळ, कोसळते आणि जामखेडाकडून सीनेस मिळते. सीना भीमेस व भीमा कृष्णेस. म्हणजे एकाच सरीचें पाणी माथ्याच्या एका अंगास गोदावरीचें होतें, दुसऱ्या अंगास कृष्णेचें! आम्ही दप्तरांत वर्षानुवर्षें सातबारे लिहिले. त्यांत क्षेत्र, आकार, पीक यांस रकाने आहेत. पाणी कोणीकडे वाहतें यास रकाना नाहीं.

उगमाकडील आम्हां लोकांस पाणी आधीं मिळतें, पण तें टिकत नाहीं. खालीं काळा पाषाण. पाणी सांठतें तें वरच्या मुरुमांत व खडकाच्या भेगांत. तो सांठा थोडा, म्हणून माघांतच विहिरी तळ दाखवितात. उतारास आडवी ताल घातली, ओघळींत दगडी बांध रचला, तर पाणी मुरण्यास अवकाश मिळतो.

यावर कोणी विचारील, वर अडविलें तर खालच्यांनीं काय करावें? प्रश्न रास्त आहे. मांजरेवरील धनेगांवचें धरण आटलें तेव्हां, १९१६ नव्हे, २०१६ सालीं, लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. मुरलेल्या पाण्यापैकीं कांहीं झऱ्यांवाटे नदीस परत येतें. सारें येत नाहीं, कांहीं आपल्या विहिरी पितात. पण वाहून गेलेली माती धरणांत बसते, ती कोणाच्याच उपयोगी नाहीं. आमच्या मतें मुरविणें हा आपला हक्क. उपसा मात्र बेतानें करावा.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसांत घोंगडी घेऊन शेतांत उभें राहावें. पाणी कोठून शिरतें व कोठून निसटतें तेथें दगडाची खूण करावी, आणि वाफसा होतांच तेथूनच बांधास हात घालावा.