मातेचा पहिला चीक

आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात गाय व्याली म्हणजे शेतकरी प्रथम वासरास कासेला लावतो आणि मग उरलेल्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी पोहोचवितो. चिकावाचून वासरू तगत नाही, हे निरक्षर गुराख्यासही ठाऊक असते. परंतु त्याच घरी सून बाळंत झाली की तिचा पिवळसर चीक जड म्हणून पिळून टाकावयाचा आणि अर्भकाच्या मुखी मध किंवा गूळपाणी घालावयाचे, अशी चाल पुष्कळ घरांतून चालत आली. हे कोडे आम्हांस आजवर उलगडलेले नाही.

दूध हे केवळ अन्न नव्हे. त्यात इन्शुलिन, लेप्टिन, प्रोलॅक्टिन ही संप्रेरके असतात. तसेच पेशींची वाढ चेतविणारी लहान लहान प्रथिने असतात. त्यांपैकी एक, अवघ्या ५३ अमिनो आम्लांची साखळी, स्टॅन्ली कोहेन यांनी शोधून काढली. त्या कार्याबद्दल १९८६ साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ही साखळी अर्भकाच्या आतड्याचे कोवळे अस्तर वाढविते, व चिकात तिचे प्रमाण अधिक असते.

येथे चतुर विद्यार्थी आम्हांस हटकेल की, मधुमेही मनुष्यास इन्शुलिन टोचून घ्यावे लागते, कारण पोटात ते पचून जाते. मग दुधातील संप्रेरके कशी टिकावी? प्रश्न रास्त आहे. नवजात बालकाच्या जठरातील आम्ल सौम्य असते, पाचकरस अपुरे असतात. शिवाय प्रथिने पचविणाऱ्या रसास आवरणारी द्रव्ये चिकातच असतात. सृष्टिकर्त्याने पत्राबरोबर राखणदारही धाडला आहे! उलट केसीन नावाचे प्रथिन पचू लागले म्हणजेच त्यातून उपयोगी तुकडे निघतात. यांस पेप्टाइड म्हणतात. त्यांतील काही कॅल्शियम विरघळलेले ठेवितात.

ज्या अशक्त बालकांस मातेचे दूध मिळत नाही, त्यांच्यासाठी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात मातृदुग्धपेढी स्थापिली. अशा पेढ्यांत दान आलेले दूध सामान्यतः ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवितात. जंतू मरतात, वर सांगितलेली साखळी बरीचशी टिकते. परंतु इन्शुलिन व जंतुरोधक लॅक्टोफेरिन घटते. म्हणून स्वतःच्या मातेच्या ताज्या दुधाची बरोबरी पेढीस करिता येत नाही.

पहिल्या दिवशी चीक एका वेळी चमचाभरच येतो. दूध उतरले नाही, असे म्हणून घरातील वडील स्त्रिया घाबऱ्या होतात. वस्तुतः बालकाची त्या दिवशीची गरजही थोडीच असते. ते जसजसे ओढते, तसतसे मातेच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन व ऑक्सिटोसिन सुटतात. पहिल्याने दूध तयार होते. दुसऱ्याने पान्हा सुटतो, आणि गर्भाशय आकुंचन पावून मातेचा रक्तस्रावही आवरतो.