आयर्विनला किती फूट, आपल्या उंबऱ्याला किती?

पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, “आयर्विनला किती झालं?” कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही पाण्याची इशारा पातळी आणि 45 ही धोक्याची. पण हे आकडे शहराचे आहेत, आपल्या घराचे नव्हेत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरकडच्या लोकांना 45 ची वाट पाहायची सोय नसते, त्याआधीच सामान हलवावं लागतं. आमच्या घराचा आकडा 52 आहे. आयर्विनला 52 झाले की पाणी आमच्या जोत्याला लागतं.

हा आकडा घर घेताना कुणी सांगितला नव्हता. “इथं पाणी येत नाही, आलं तर रस्त्यापर्यंत,” असं विकणाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विनजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि आमच्या स्वयंपाकघरात छातीभर पाणी उभं राहिलं. ते लवकर हललंही नाही. सांगलीचं हेच दुखणं आहे. कोयनेतून येणारं पाणी कमी झालं, तरी खाली हरिपूरला वारणा दुथडी भरून कृष्णेला मिळत असते. तिची फूग मागे सरकते, नाले उलटे वाहतात, आणि नदी दिसतसुद्धा नाही अशा गल्लीत पाणी चढतं. म्हणून नदीपासूनचं अंतर मोजून निर्धास्त होऊ नका. उंची विचारा.

कुणाला विचारायचं? शेजारच्या आजींनी नंतर मला त्यांच्या भिंतीवरची 2005 च्या पुराची खूण दाखवली. घर विकणाऱ्याला त्या खुणेचं काही देणंघेणं नव्हतं. दूधवाल्याला विचारा. महावितरणच्या लाइनमनला विचारा, कारण कुठल्या डीपीची वीज कधी तोडावी लागते हे त्याला पाठ असतं. मग महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पूररेषेचा नकाशा पाहा. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. यात एक मोठा गैरसमज आहे. 100 वर्षांतून एकदा, म्हणजे आता शंभर वर्षं सुटलो असं नव्हे. दरवर्षी शंभरात एक शक्यता, असा त्याचा अर्थ. 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती सुमारे 18 टक्के होते, आणि निळ्या रेषेवरच्या घरासाठी निम्म्याहून जास्त. 2019 नंतर दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पाणी पुन्हा 55 च्या आसपास गेलंच.

आता विम्याचं. कर्ज घेताना बँकेनं घराचा विमा काढून दिला होता. 2019 मध्ये ती पॉलिसी उघडली तेव्हा कळलं की विमा फक्त इमारतीचा आहे, तोही कर्जाच्या रकमेइतका. फ्रीज, कपाटं, गाद्या, मुलांची पुस्तकं यांचा त्यात उल्लेखच नाही. शिवाय कमी रकमेचा विमा असला की भरपाईही त्याच प्रमाणात कापली जायची. घर पुन्हा बांधायला 20 लाख लागणार आणि विमा 10 लाखांचा, तर 4 लाखांच्या नुकसानीचे 2 लाखच हाती. अनेक बँका कर्जाबरोबर जो विमा देतात तो तर कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, त्यातून भिंतीला एक पैसा मिळत नाही. तुमच्या फायलीतला कागद आजच काढून बघा.

1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. पुराचं नुकसान तिच्या मूळ संरक्षणातच आहे. घराची रक्कम चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी काढायची. जागेची बाजारभावाची किंमत त्यात धरायची नाही, कारण जमीन वाहून जात नाही. इमारतीचा विमा घेतला की सामानाला त्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. क्षेत्रफळ खरं सांगितलं असेल तर ती प्रमाणात कापायची अटही उरत नाही. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. रोख रक्कम आणि गाडी यात येत नाही. खाली गिरणी किंवा दुकान असेल तर त्या मालासाठी वेगळी पॉलिसी लागते. भाडेकरूंनीही हे लक्षात घ्यावं, फक्त सामानाचा विमा त्यांना घेता येतो.

आम्ही ती त्याच वर्षी मे महिन्यात घेतली. जुलैत पाणी ओसरल्यावर घरात पाय ठेवला आणि पहिलं काम केलं ते फोटो काढण्याचं. भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक वस्तू, तिच्या मागची क्रमांकाची पट्टी. त्याच दिवशी कंपनीला कळवलं आणि दाव्याचा क्रमांक लिहून घेतला. गाळ तर काढावाच लागतो, त्याला वास सुटतो, साप-विंचू निघतात. पण सर्वेक्षक येईपर्यंत खराब वस्तू कचऱ्याच्या ढिगावर टाकू नका, अंगणात एका बाजूला रचून ठेवा. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, सर्वेक्षकाची पाहणी विम्यासाठी. दोन्ही वेगळ्या, पण पंचनाम्याची प्रत दाव्यालाही उपयोगी पडते. सरकारी सानुग्रह अनुदानावर घर पुन्हा उभं राहत नाही, हे आमच्या गल्लीनं दोनदा पाहिलंय.

बिलं वर, माळ्यावर ठेवा, आणि त्यांचे फोटो गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. पावसाळ्याआधी नूतनीकरण करा, कारण पाणी गल्लीत आल्यावर विमा काढायला उशीर झालेला असतो. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. तिथं वकील लागत नाही, शुल्कही लागत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी नकाराचं पत्र मिळाल्यावर तो रस्ता धरला, आणि त्यांच्या घराच्या भिंतींना नवा गिलावा त्याच पैशातून झाला.