गोळ्या चालू, रक्त वाढेना

आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात. हिमोग्लोबिन नऊच्या वर जाईना. खजूर, बीट, अळीव, लोखंडी कढई, सगळं झालं. लोहाच्या गोळ्यांनी पोट तेवढं बिघडलं. शेवटी रक्तविकारतज्ज्ञांनी फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि दाह दाखवणारं सीआरपी एकत्र तपासायला सांगितलं. फेरिटिन भरपूर, सॅच्युरेशन मात्र खाली. लोह अंगात होतं, पण रक्त बनवायला मिळत नव्हतं.

ते अडलं होतं मॅक्रोफेज या भक्षक पेशींमध्ये. अस्थिमज्जेत मधोमध एक मॅक्रोफेज आणि तिला बिलगून वाढणाऱ्या तांबड्या पेशी अशी बेटं असतात. मार्सेल बेसिस या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये त्यांचं वर्णन केलं. मधली पेशी सुइणीसारखी राबते; कोवळी पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकते, तेव्हा ते गिळून टाकते. सुमारे १२० दिवसांनी थकलेल्या तांबड्या पेशी प्लीहेतल्या आणि यकृतातल्या मॅक्रोफेज गिळतात आणि त्यांतलं लोह परत रक्तात सोडतात. रोज २० ते २५ मिलिग्रॅम! अन्नातून शोषलं जातं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. खजुराकडून आपण किती अपेक्षा ठेवतो, ते इथे कळतं.

अंगात दाह धुमसत असला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त सोडतं. त्याने मॅक्रोफेजमधलं लोह आतच कोंडतं आणि आतड्यातलं शोषणही घटतं. क्षयरोगात, मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात, कर्करोगातही हे घडतं. आईचं संधिवाताचं औषध बदललं, दाह उतरला, मग कुठे हिमोग्लोबिन हळूहळू चढलं.

घरात असा जुना दुखणेकरी असेल, तर नुसत्या हिमोग्लोबिनवर विसंबू नका. एकट्या फेरिटिनवरही नको. दाहात ते चढतंच आणि लोहाची खरी कमतरता त्याआड लपते. दोन्ही एकदम असू शकतात. सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या चालू असतील, तर पोटात रक्तस्राव होत नाही ना, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते, म्हणून रक्तस्रावाची खूण नजरेतून निसटते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोहाच्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका, गरोदरपणात तर मुळीच नाही. आणि तज्ज्ञांकडे जाताना जुने अहवाल तारखेनुसार लावून न्या: सीआरपी आणि हिमोग्लोबिन शेजारी शेजारी दिसले पाहिजेत.