रंग खरवडण्याआधी

फिलाडेल्फियाजवळच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मी सहाशे डॉलर मोजून लाकडी विदूषकाचं एक डोकं घेतलं, त्याला आता तीन वर्षं झाली. मेरी-गो-राउंडच्या छताला बाहेरून रंगीत फळ्यांची झालर असते. दोन फळ्यांमधला सांधा झाकायला असे कोरीव मुखवटे किंवा ढाली बसवत. याच शहरात जर्मनीहून आलेल्या गुस्ताव डेंट्झेलने 1867 साली लाकडी घोड्यांच्या या पाळण्यांचा धंदा सुरू केला. त्यामुळे इथल्या बाजारात असे तुकडे अधूनमधून हाती लागतात.

मागची बाजू मी नीट पाहिली होती. सरसाने जोडलेले लाकडाचे तुकडे, बोल्टची झिजलेली भोकं, तेलकट काजळी. वस्तू अस्सल होती. चूक पुढे झाली. वरच्या जाड तपकिरी रंगाचे पोपडे निघाले होते, तो मला विद्रूप वाटला. दोन शनिवार गॅरेजमध्ये रिमूव्हर आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि लाकूड पार उघडं केलं.

मग ते डोकं एका जाणकाराला दाखवलं. कानामागे नखाएवढा रंग उरला होता. भिंगातून पाहिलं तर तळाशी निळा आणि त्याला सोनेरी वर्खाची कड! मनोरंजन-उद्यानवाले जुन्या रंगावरच वर्षानुवर्षं नवे हात मारत. त्या थरांना इथे ‘पार्क पेंट’ म्हणतात. त्यांच्या तळाशी कारखान्यातला मूळ रंग कित्येकदा शाबूत असतो आणि बारीक सुरीने एकेक थर सोलत तो बाहेर काढता येतो. कोरणारा वेगळा, रंगवणारा वेगळा. त्या रंगवणाऱ्याचं काम मी कायमचं पुसलं. याची मला अजून लाज वाटते.

त्या जाणकारांचा पुढचा प्रश्न होता, “घरात लहान मूल आहे का?” आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. जुन्या रंगांत शिसं असतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती 1978 मध्ये. मुलीचं रक्त तपासलं, तर शिशाचा आकडा दर डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅमच्या इशारापातळीवर गेलेला. तो खाली येईपर्यंतचे महिने आम्ही दोघांनी कसे काढले, ते आम्हालाच ठाऊक.

म्हणून सांगतो, असा तुकडा घेतलात तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झटका, तीही पोपडे सुटत नसतील तरच. सुटत असतील तर हात लावू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. घासणं, तापवणं, रिमूव्हर लावणं पूर्ण वर्ज्य. शिशाची तपासणी करून घ्या आणि कानामागे किंवा कोरीव खाचेत जाणकाराकडून छोटीशी खिडकी उघडून पाहा. जमलं तर न्यूयॉर्क राज्यात नॉर्थ टोनावांडाला जा. तिथे मेरी-गो-राउंड बनवणाऱ्या हर्शेलच्या जुन्या कारखान्यातच संग्रहालय आहे. आधी ते पाहून या, मग खरेदीला निघा.