दोन बटाटे

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मागच्या फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात "आता प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दीपविसर्जन होईल" असं माईकवरून जाहीर करणारी ती थोर निवेदिका म्हणजे मीच. बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये. मराठीत मार्क मिळायचे ते पाठांतराच्या जोरावर. 'दीप'पर्यंत गाडी रुळावर होती, पुढचा शब्द थेट गणपतीतून आला. हॉल कोसळला. पाहुणेसुद्धा पोट धरून हसले. तेव्हापासून लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये माझं नाव 'विसर्जन' पडलंय, आणि खरं सांगू? मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. कारण कार्यक्रम संपल्यावर एक सर मुद्दाम येऊन म्हणाले, "कॉन्व्हेंटची असून मराठीत बोलायला उभी राहिलीस, कौतुक आहे."

आता दुसरी गोष्ट. त्याच सेमिस्टरला माझ्या रूममेटचा सेमिनार होता. ती बीड जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळेतून आलेली, दहावीपर्यंत सगळं मराठीत. विषय फिल्टर डिझाईन. कॅल्क्युलेशन बरोबर, सर्किट बरोबर, आउटपुटचा ग्राफ तर पुस्तकात छापावा असा. पण 'डिटर्मिन' हा शब्द ती 'डेटरमाईन' असा उच्चारायची आणि मेला तो शब्द आठ-दहा वेळा आला. मागच्या दोन बेंचांवर खसखस पिकली. त्या बेंचवर मीही होते. (हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.) "मराठी मिडियमची असून इंग्लिशमध्ये बोललीस" असं तिला कुणीच म्हणालं नाही. पुढच्या सेमिनारच्या दिवशी ती आजारी पडली. काय आजार होता ते मला माहीत आहे.

माझी चूक अर्थाची होती, पाहुण्यांना समई बुडवायला सांगितली मी! तिची फक्त उच्चाराची. मग मला कौतुक आणि तिला खसखस, हे कसं? डोक्यातून हे जाईना म्हणून सुट्टीत थोडा अभ्यास केला. अभ्यासाला माणसं घेतली पुढारी मंडळी, कारण चुका त्यांच्याच नोंदवून ठेवलेल्या असतात. संपादक मंडळाने "राजकारण नको गं" म्हणून पाहिलं. मी त्यांना शब्द दिलाय की कुणालाच सोडणार नाही.

सुरुवात अमेरिकेतल्या एका बटाट्यापासून. १५ जून १९९२. उपाध्यक्ष डॅन क्वेल न्यू जर्सीतल्या ट्रेंटन गावी एका शाळेत गेले होते. स्पेलिंगचा कार्यक्रम चालला होता. बारा वर्षांच्या एका मुलाने फळ्यावर 'पोटॅटो'चं स्पेलिंग अगदी बरोबर लिहिलं. क्वेलसाहेबांनी त्याला शेवटी आणखी एक 'ई' जोडायला लावला. कॅमेरे चालू होते. झालं! त्यांच्या हातात जे कार्ड दिलं होतं त्यावरच स्पेलिंग चुकीचं होतं, पण ते कोण लक्षात ठेवतो? आज तीस वर्षांनंतरही क्वेल म्हटलं की लोकांना बटाटा आठवतो.

आता हे बघा. ९ मे २००८, ओरेगॉन राज्य. बराक ओबामा प्रचारात म्हणाले की आपण ५७ राज्यं फिरलो, एक राहिलंय, आणि अलास्का व हवाईला आपली माणसं जाऊ देत नाहीत. अमेरिकेत राज्यं ५०. त्यातून तीन वजा केली तर ४७. म्हणजे बिचाऱ्याला ४७ म्हणायचं होतं, थकलेल्या जिभेने दहाचा घोटाळा केला. बातम्या आल्या, थोडे विनोद झाले. पण क्वेलना बटाटा चिकटला तसे ५७ आकडे ओबामांना सगळीकडे चिकटले नाहीत. त्यांच्या विरोधकांच्या गोटात मात्र तो आकडा वर्षानुवर्षं ताजा राहिला.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा प्रयोग 'कंट्रोल्ड' नाही, हे मला मान्य आहे. लहान मुलाचं बरोबर उत्तर मोठ्या माणसाने चुकीचं करावं हे दृश्यच असं आहे की कुणीही हसेल. पण एवढंच असतं तर १९९२ च्या आधीच क्वेलवर विनोद का चालू होते? १९८८ साली उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली तेव्हापासूनच 'हा पोरगा कच्चा आहे' असा शिक्का त्यांच्यावर बसला होता. बटाटा त्या शिक्क्यात फिट्ट बसला. ओबामांवर शिक्का होता तो हुशार वक्त्याचा, तिथे ५७ ला जागाच नव्हती. बातमीवाल्यांकडे साचे आधीच तयार असतात आणि साच्यात बसते ती चूक टिकते, असं मला वाटायला लागलंय.

साचा मजबूत असला की माणसाने चूक करायचीसुद्धा गरज उरत नाही. "मला माझ्या घरातून रशिया दिसतो" हे वाक्य सारा पेलिन यांचं, असं अनेकांना आजही वाटतं. ते म्हटलं टिना फे या नटीने, सप्टेंबर २००८ मध्ये, 'सॅटर्डे नाईट लाईव्ह'मधल्या नकलेत. पेलिन मुलाखतीत एवढंच म्हणाल्या होत्या की अलास्कातल्या एका बेटावरून रशियाची जमीन दिसते. आणि ती दिसते! बेरिंगच्या सामुद्रधुनीत अमेरिकेचं एक बेट आणि रशियाचं एक बेट यांच्यात चारेक किलोमीटरच अंतर आहे. अर्थात त्यांना विचारलं होतं रशियाबद्दलच्या जाणकारीविषयी, आणि बेट दिसणं हे त्याचं उत्तर होत नाही, हेही खरं.

हे सगळं वाचताना आमच्या ई अँड टीसी ब्रँचचा एक किस्सा सापडला, तो सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९ जानेवारी २००४, आयोवा. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत हॉवर्ड डीन तिसरे आले. रात्री कार्यकर्त्यांपुढे ते भाषणाला उभे राहिले. पुढे कुठकुठल्या राज्यांत लढायचंय त्यांची नावं घेत घेत आवाज चढत गेला आणि शेवटी एक जोरदार आरोळी निघाली. टीव्हीवर ती क्लिप पाहाल तर वाटेल, माणसाचं डोकं फिरलंय. शांत खोलीत एकटाच ओरडतोय.

पण खोली शांत नव्हतीच! हॉल खच्चून भरला होता, लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते, आणि डीन त्या गोंगाटावर आवाज काढत होते. मग क्लिपमध्ये गोंगाट का नाही? कारण त्यांच्या हातातला माईक. तो तोंडासमोरचा आवाज उचलतो आणि आजूबाजूचा जवळजवळ टाकून देतो. लॅबमध्ये आपण माईकचा पोलर पॅटर्न काढतो ना, मध्ये बदामासारखी आकृती येते, जर्नलमध्ये सगळे एकमेकांची कॉपी करतात, तीच ही भानगड. चॅनेलला फीड मिळाली ती त्या माईकची. म्हणजे सिग्नल आला, नॉईज गाळला गेला, आणि इथे तर नॉईजमध्येच खरी माहिती होती. अमेरिकन चॅनेलांनी चार दिवसांत ती आरोळी ६०० हून अधिक वेळा दाखवली. नंतर एबीसी वाहिनीने गर्दीतल्या लोकांच्या कॅमेऱ्यांतलं रेकॉर्डिंग ऐकवलं, त्यात डीनचा आवाज लोकांच्या आवाजात बुडालेला होता. तोवर उशीर झाला होता. आणि बरं का, डीन काही क्वेल-पेलिनच्या पक्षाचे नाहीत. 'मिडिया फक्त एकाच पक्षाला छळतो' अशी थिअरी मांडायची मला घाई झाली होती, ती डीननी मोडली.

आता आपल्याकडे येऊ. इथेही बटाटा आहेच. नोव्हेंबर २०१७, गुजरातेत पाटण. राहुल गांधींची एक क्लिप आपल्या सगळ्यांच्या फोनवर आली होती, एका बाजूने आलू घाला, दुसऱ्या बाजूने सोनं निघेल असं मशीन लावणार म्हणून. मी तेव्हा शाळेत होते, आमच्या व्हॅनमध्ये आम्ही ती रोज लावायचो. मूळ भाषणात त्या वाक्याच्या आधी मोदींचं नाव आहे, आणि लगेच नंतर ते म्हणतात की हे शब्द माझे नाहीत, नरेंद्र मोदींचे आहेत. कुणीतरी दोन्ही टोकं कापली. मोदी खरंच तसं कधी बोलले होते का, हा विचारण्यासारखा प्रश्न होता. पण मशीनवर हसण्यात तो गेला वाहून.

त्याआधी ऑक्टोबर २०१३ मध्ये ते दिल्लीत दलित समाजाच्या स्थितीबद्दल बोलत होते. म्हणाले, पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, गुरू ग्रहावरून सुटायला ६० च्या आसपास, आणि दलितांना वर यायला गुरूचा वेग लागतो. 'ज्युपिटर'वरून चॅनेलांपासून ट्विटरपर्यंत यथेच्छ थट्टा झाली. मी फर्स्ट इयरचं फिजिक्सचं पुस्तक काढून पाहिलं. दोन्ही आकडे बरोबर आहेत! उपमा सभेला झेपणारी होती का, यावर वाद घाला. पण आपण, ज्यांनी एस्केप व्हेलॉसिटीवर पाच पाच मार्क मिळवलेत, आपण कशाला हसलो?

मे २०१९ मध्ये पंतप्रधान मोदी एका मुलाखतीत म्हणाले की बालाकोटच्या हल्ल्याच्या रात्री हवामान खराब होतं, पण ढगांचा फायदा होऊन आपली विमानं रडारपासून वाचू शकतील असं त्यांना वाटलं. रडारच्या लहरींची लांबी सेंटिमीटरपासून मीटरपर्यंत, ढगातला थेंब मिलिमीटरच्याही शंभराव्या हिश्शाच्या आसपास. लहर त्याला विचारतसुद्धा नाही. मुसळधार पाऊस असेल तर काही बँडना त्रास होतो, तो भाग निराळा. थट्टा इथेही भरपूर झाली, भाजपच्या ट्विटर खात्यावरून ते वाक्य टाकून नंतर काढलं गेलं. पण त्याच महिन्यात तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी सांगितलं की काही रडार ढगांपलीकडे पाहू शकतात, काही नाही. म्हणजे इथे अर्थ समजावून द्यायला थेट लष्करप्रमुख. गुरूच्या बरोबर आकड्याला असा वकील कुठे मिळाला?

थांबा, राहुलभक्तांनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. १७ जानेवारी २०२२. दावोसच्या ऑनलाइन परिषदेत मोदींचं भाषण मध्येच थांबलं. 'टेलिप्रॉम्प्टर बंद पडला आणि बोलती बंद' अशी क्लिप फिरली. रेकॉर्डिंग नीट ऐकलं तर मागून कुणीतरी त्यांना, सगळे जोडले गेलेत का ते विचारा, असं सुचवताना ऐकू येतं. मोदींनी ते विचारलं आणि भाषण पुन्हा सुरू केलं. आपली ऑनलाइन लेक्चर्स आठवा, "अॅम आय ऑडिबल?" त्यातलाच प्रकार असावा. पण दुसऱ्याच दिवशी टेलिप्रॉम्प्टरलाही एवढं खोटं झेपलं नाही अशा अर्थाचं ट्वीट आलं. कुणाचं? राहुल गांधींचं. ज्यांच्या बटाट्याची टोकं कापली गेली होती, त्यांचंच.

असो. आता परत आपल्या हॉस्टेलवर. गॅदरिंगला दरवर्षी पुढाऱ्यांची मिमिक्री होते आणि टाळ्या कुणाच्या नकलेला पडणार हे आधीच ठाऊक असतं. तशीच आपली मागची बेंचं. माझा साचा 'स्मार्ट मुलगी, मराठी कच्चं' हा होता, गोड साचा. तिचा साचा काय होता ते आम्ही कधी मोठ्याने बोललो नाही, पण 'डेटरमाईन' त्यात आम्हीच बसवलं.

पुढच्या गुरुवारी तिचा सेमिनार पुन्हा आहे. परवा रात्री रूममध्ये प्रॅक्टिसला मला समोर बसवलं होतं. तो शब्द आला, ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि मुद्दाम 'डेटरमाईन' म्हणून पुढे गेली. सर्किट मला दोनदा समजावून सांगावं लागलं तिला. मग मी हा लेख तिच्याकडे शुद्धलेखन तपासायला दिला. लाल पेनाने एकवीस चुका काढल्यात. त्यातल्या एका चुकीवर ती उशीत तोंड खुपसून दहा मिनिटं हसत होती. ती कोणती, ते अजून सांगत नाहीये.