फवारणीच्या औषधावरचं इंग्रजी

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी माध्यमातून नववीत शिकते. इंग्रजीत मार्क बरे पडतात, पण बाहेरचा चार ओळींचा कागद दिला की ती गप्प होते. नवे सर म्हणतात, गाइड बाजूला ठेवा, खरं इंग्रजी वाचू द्या, मोबाइलची मदत घ्या. आमच्या घरात कुणालाच इंग्रजी येत नाही. खरं इंग्रजी म्हणजे नेमकं काय आणि खेड्यात ते आणायचं कुठून?
– एक पालक, कळंब तालुका

उत्तर : आणायला कुठं जायचं कामच नाही. सोयाबीनवर फवारायला औषध आणता ना? त्या डब्यासोबत एक घडी घातलेलं पत्रक येतं. मुंगीएवढी अक्षरं असतात, म्हणून आपण ते बांधावरच टाकून देतो. यापुढे ते जपून ठेवा, हात धुऊन.

1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार ही माहिती हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत छापावी लागते. म्हणजे एकाच कागदावर तीच सूचना मराठीत आणि इंग्रजीत शेजारी शेजारी मिळते. असं पुस्तक दुकानात विकत घ्यायला गेलात तर दोनशे रुपये मोजाल, इथं ते फुकट येतं. आता डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल असेल तर त्याच्या वर कवटी आणि ‘पॉयझन’, पिवळा असेल तर नुसतं ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. जहाल ते सौम्य अशी ही उतरती भाजणी आहे. हे तीन शब्द ती पाठ करणार नाही, तरी विसरणार नाही; कारण कोणत्या डब्याला हात लावायचा नाही हे तिला लहानपणापासून बजावलेलं आहे.

पत्रकात पुढं वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नका, रिकामा डबा घरात वापरू नका, फवारताना विडी ओढू नका, जेवू नका अशा सूचना असतात. इंग्रजीत यातली बरीचशी वाक्यं ‘डू नॉट’नं सुरू होतात. आज्ञार्थ तिनं शाळेत कधीच शिकलेला आहे. फक्त तो कुणी खरोखर वापरतो, हे तिनं पाहिलेलं नसतं. त्याहून गंमत मात्रेच्या तक्त्यात आहे. तिथं मात्रा बहुधा हेक्टरी दिलेली असते आणि आपण बोलतो एकरी. ‘आपल्या तीन एकराला किती औषध लागेल आणि पाणी किती?’ हा प्रश्न तिला विचारा आणि उत्तर इंग्रजी रकान्यातूनच काढायला सांगा. मग मराठी रकान्याशी ताडून बघू द्या. घरात इंग्रजी कुणाला येत नाही, ही अडचण इथं आडवी येत नाही. उत्तर बरोबर की चूक, हे तुम्हाला शेतीवरून कळतं.

सर ज्याला खरं इंग्रजी म्हणतात ते हेच. भाषा शिकवण्यासाठी नव्हे, तर कुणाचं तरी काम व्हावं म्हणून लिहिलेला मजकूर. औषधाचं पत्रक, रेल्वेचं वेळापत्रक, क्रिकेटचं धावतं वर्णन, बाजारभावाची बातमी, हवामान खात्याचा अंदाज हे सगळं त्यात येतं. पाठ्यपुस्तकातला धडा मुलांसाठी बेतून लिहिलेला असतो आणि त्यात वावगं काही नाही. बालभारतीची पुस्तकं मला तरी चांगलीच वाटतात. वैर आहे ते गाइडशी. धडा न वाचता उत्तर देता येतं, हेच गाइड शिकवतं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 साली. म्हणजे तुमच्या मुलीचं इंग्रजीचं हे नववं वर्ष. नऊ वर्षांत तिच्यासमोर असा इंग्रजी कागद किती वेळा आला असेल, ज्याचं उत्तर कुणी आधीच लिहून ठेवलेलं नव्हतं?

खऱ्या कागदातून भाषा शिकण्याची ही कल्पना नुसती परदेशातली नाही, हेही सांगायला हवं. एन. एस. प्रभू मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजीच्या अध्यापनाचं काम पाहत. त्यांनी 1979 ते 1984 या काळात कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या काही साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले. मुलांसमोर रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असं काहीतरी ठेवायचं आणि कोडं घालायचं : अमक्या गावाहून निघालेल्या माणसाला तमक्या वेळी पोचायचं असेल तर त्यानं कोणती गाडी धरावी? मुलं गाडी शोधण्यात गुंतत आणि भाषा वापरता वापरता अंगात मुरते, असं प्रभूंचं म्हणणं होतं. 1987 मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि ते जगभरच्या अध्यापक विद्यालयांत वाचलं जाऊ लागलं. आपल्याकडं बी.एड.ला प्रभूंचं नाव घोकतात आणि वर्गात पुन्हा गाइडच उघडतात, हा भाग वेगळा. तुम्हाला हा प्रयोग घरी करायचा असेल तर मोबाइलवर गाड्यांचं ॲप इंग्रजीत लावा आणि धाराशिवहून मुंबईला सकाळी पोचायचं तर कोणती गाडी बरी, ते तिला ठरवू द्या. लातूरची गाडी रात्री येते हे तुम्हाला ठाऊक आहे, तिनं ते कागदोपत्री सिद्ध करायचं.

आता एक सावधगिरी. ‘खरं इंग्रजी’ म्हटलं की बरेच लोक लगेच घरी इंग्रजी पेपर लावतात. महिनाभरात त्याची रद्दी होते. वाचनावर संशोधन करणाऱ्यांचा एक अंदाज आहे : कुणाच्या मदतीशिवाय मजकूर कळायचा तर त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत अनोळखी एखादाच. इंग्रजी पेपरच्या अग्रलेखात तिला पन्नासात दहा-पंधरा अडतील, आणि ती पुन्हा गप्प होईल. त्यात तिचा दोष नाही.

मग काय वाचायचं? ज्या विषयातलं तिला लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळतं, ते. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. विषय हाडीमांशी मुरलेला असला की निम्मे शब्द अंदाजानं लागतात. तिच्या बोलण्यात स्टार्टर, थ्री फेज, व्होल्टेज, ड्रिप, स्प्रिंकलर आहेत. नो बॉल, रन रेट, पॉवर प्ले आहेत. म्हणून क्रिकेटचं चेंडूगणिक लिहिलेलं वर्णन तिला वाचता येईल, संपादकीय नाही. उस्मानाबादी शेळी ही आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं नोंदलेली जात आहे. काळा रंग, जुळी करडं, कमी चाऱ्यावर तग धरणं हे सगळं इंग्रजीत जागोजाग लिहिलेलं सापडतं. दावणीला शेळी असलेल्या पोरीला त्यातलं काय नवं? फक्त इंग्रजी.

सोयाबीनच्या भावाचंही तसंच. शिकागोच्या वायदेबाजारात सोयाबीन बुशेलच्या मापानं विकतात आणि भाव सेंटमध्ये सांगतात. सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे 60 पौंड, आपले 27.2 किलो. म्हणजे क्विंटलला साधारण पावणेचार बुशेल. समजा भाव बुशेलला 10 डॉलर आहे. तर क्विंटल पडला सुमारे 37 डॉलरला. त्या दिवशीचा डॉलरचा दर लावून रुपये काढायचे आणि लातूरच्या अडतीतल्या भावाशी तुलना करायची. बातमी इंग्रजीत पाच-सहा वाक्यांची असते. ‘चढला’, ‘उतरला’, ‘ब्राझीलचं पीक’, ‘पाऊस’ हेच पुन्हा पुन्हा येतं. आठवडाभर रोज वाचलं की आठव्या दिवशी ती न अडखळता वाचेल, आणि घरात चर्चेला विषय मिळेल तो वेगळाच.

जिल्ह्याबद्दलच इंग्रजीत वाचायचं असेल तर दोन ठिकाणं सुचवतो. पहिलं तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं अरबी समुद्राच्या प्रवासाची टिपणं लिहून ठेवली, ‘पेरिप्लस’ नावानं ती ओळखली जातात. त्यात तगर नगराचा उल्लेख आहे : पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, तिथून कापड गाड्यांत घालून वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जातं. हे तगर म्हणजे आपलं तेर. विल्फ्रेड शॉफचा 1912 चा इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर मोफत आहे आणि तगरचा परिच्छेद अवघ्या काही ओळींचा आहे. वाक्यं सोपी आहेत. वाचून झाल्यावर तिला तेरच्या लामतुरे संग्रहालयात घेऊन जा. बाहेरच्या जगाशी चाललेल्या त्या व्यापाराच्या वस्तू तिथं काचेमागं ठेवल्या आहेत.

दुसरं नळदुर्ग. 1853 मध्ये निजामानं हा भाग इंग्रजांच्या हवाली केला आणि फिलिप मेडोज टेलर इथला कारभारी म्हणून आला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा तोच. त्याच्या मृत्यूनंतर 1877 मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात नळदुर्गचे दिवस आहेत. 1863 ची त्याची ‘तारा’ ही कादंबरी तर तुळजापुरात सुरू होते, अफझलखानाच्या स्वारीच्या काळात. साहेबी नजर त्यात आहेच, ती ओळखूनच वाचायची. पण हे नववीच्या मुलीसाठी नाही; एकेक वाक्य अर्ध्या पानाचं आहे आणि गावांची स्पेलिंगं अशी, की तुळजापूरच्या माणसालाही तुळजापूर ओळखू येऊ नये. कॉलेजातल्या मुलांनी मात्र जरूर उघडावं. इंग्रजी विषय घेऊन पदवीला बसणारी आपल्याकडची मुलं लंडनच्या धुक्यावर उत्तरं लिहितात आणि नळदुर्गच्या बोरी नदीकाठाबद्दल लिहिलेलं इंग्रजी त्यांना माहीतच नसतं, याचं मला वाईट वाटतं.

राहिला मोबाइल. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले. पुढं राज्याच्या पुस्तकांवर ते छापून येऊ लागले, आणि 2020 मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बातम्यांत कोडचं कौतुक फार झालं. मला त्याआधीची गोष्ट महत्त्वाची वाटते : आपली मुलं घरी कोणती भाषा बोलतात हे या माणसानं पाहिलं आणि धडे त्या भाषेत आणले. कोड ही नुसती वाट होती. तुमच्या मुलीच्या पुस्तकावरचा कोड स्कॅन करून पाहा, धडा ऐकायला मिळेल. ऐकणं आपल्याकडं सगळ्यात कमी होतं.

कॅमेरा कागदावर धरला की मराठी दाखवणारं गूगल लेन्स तिला द्या, पण क्रम ठरवून द्या. आधी पेन्सिलनं अडलेल्या शब्दाखाली रेघ, मग स्वतःचा अंदाज समासात, आणि शेवटी लेन्स. उलट क्रमानं गेलं की ते गाइडच झालं, फक्त काचेचं. औषधाच्या मात्रेसाठी लेन्सच्या भाषांतरावर मुळीच विसंबू नका. आकडे आणि एकक डोळ्यांनी छापील कागदावर पाहायचे. इंग्रजी व्हिडिओ पाहताना खाली इंग्रजीच अक्षरं लावा आणि वेग पाऊणपट ठेवा. हिंदी अक्षरं लावली की कान झोपतो. चॅटजीपीटीसारख्याला ‘हे सोपं करून सांग’ म्हणण्यापेक्षा ‘यावर मला पाच प्रश्न विचार’ म्हणायला शिकवा. मग कष्ट तिच्याकडं राहतात.

प्रश्न : हे सगळं ठीक, पण दहावीच्या मार्कांचं काय? आणि मोबाइल दिला की मुलगा रील्सच बघत बसतो.
– एक वाचक, उमरगा

उत्तर : दहावीच्या पेपरात पुस्तकाबाहेरचा उतारा असतोच. त्यावरचं उत्तर कोणत्याही गाइडात नसतं आणि तिथंच पाठांतर करणारी मुलं मार खातात. वर सांगितलेला खटाटोप म्हणजे त्याच प्रश्नाची तयारी. निबंध आणि पत्र मात्र सरावानंच येतात, त्यासाठी वही लागते.

रील्सवर माझ्याकडं जालीम औषध नाही. एक करता येईल : मजकूर कागदावर आणि मोबाइल तुमच्या खिशात. पत्रक, वेळापत्रकाची छापील प्रत, झेरॉक्सवाल्याकडून काढलेलं तगरचं पान. अडलेल्या शब्दांची यादी झाली की पंधरा मिनिटं मोबाइल द्यायचा, यादी संपली की परत घ्यायचा. मुलगा कुरकुर करेल. त्याला क्रिकेट आवडत असेल तर सामना संपल्यावर इंग्रजी वर्णनातलं शेवटचं षटक मोठ्यानं वाचायला सांगा. सामना टीव्हीवर पाहिलेला असल्यामुळं काय घडलं ते त्याला माहीत असतं आणि वाचताना तो स्वतःच समालोचकाचा आवाज काढायला लागतो.